बाबांच्या तोंडचं तिसरं कडवं

या धाग्यावर मी दोन वर्षं फक्त भांडायला येते, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. कोणाला माळ्यावर पावलं ऐकू आली, कोणाला गाडीच्या मागच्या सीटवर बाई दिसली, की खाली "पुरावा काय?" असं विचारणारी ती खडूस बाई मीच. आज मीच लिहायला बसलेय. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, नंतर मला ते झेपणार नाही.

आमच्या घरी हे प्रकार कधी नव्हतेच हो. नागपूरला इंदोऱ्यात वाढले मी. देव्हारा नाही, नवस नाही, अमावस्या-पौर्णिमा नाही. मांजर आडवं गेलं की बाबा मुद्दाम त्याच वाटेनं सायकल काढायचे आणि वर त्या मांजराला "जय भीम" घालायचे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं त्यांनी. जे तपासता येत नाही ते मानायचं नाही, हे आम्हा भावंडांकडून पाढ्यांसारखं घोटून घेतलं होतं. आणि नेमकं त्यांच्याच बाबतीत हे व्हावं...

गोष्ट २००६ ची. आम्ही तेव्हा ब्लेचलीला राहायचो. मिल्टन कीन्स म्हटलं की लोकांना राउंडअबाउट आणि काचेची ऑफिसं आठवतात, पण ब्लेचली हा त्यातला जुना तुकडा, नवीन शहर बांधायच्या आधीचा. स्टेशनपासून दहा मिनिटांवर लाल विटांच्या घरांची एक ओळ, त्यात आमचं भाड्याचं घर. माझा नवरा मिलिंद आयटीत. माझं टेस्टिंगचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपलेलं, म्हणून मी घरी. आई आदल्या वर्षी गेली होती आणि बाबा इंदोऱ्यात एकटेच भात टाकून खात होते. भांडून-रडून त्यांना एप्रिलमध्ये सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर बोलावून घेतलं. आल्या आल्या लंडनला कॅमडेनमध्ये नेलं, घटनाकार शिकत असताना राहिले होते ते निळ्या पाटीचं घर रस्त्यावरून दाखवलं. बाबा फुटपाथवर वीस मिनिटं नुसते उभे होते. "झालं वं मने माझं इंग्लंड पाहून," म्हणाले. मनीषाची मी त्यांच्यापुरती कायम 'मने'.

पण त्यांचं इंग्लंड संपलं नव्हतं, ते शेजारच्या घरात होतं. डोरीन. सत्तरीची, एकटी, जन्मापासून ब्लेचलीची. तरुणपणी, म्हणजे पन्नासच्या दशकात, ती इथल्याच एका रेडिओ-ग्रामोफोनच्या दुकानात रेकॉर्डच्या काउंटरवर होती. तेव्हा गाण्यांचा हिट परेड कसा ठरायचा ते तिनंच आम्हाला सांगितलं. संगीताचा एक साप्ताहिक पेपर काही ठरावीक दुकानांकडून दर आठवड्याला खपाची यादी मागवायचा, कुठली रेकॉर्ड सगळ्यात जास्त गेली, दुसरी कुठली, तिसरी कुठली. सगळ्या याद्यांची बेरीज करून देशाचा नंबर वन! आणि ब्लेचलीची यादी करायची ही, पेन्सिल केसांत खोचून. त्या याद्यांच्या वह्या तिनं जपून ठेवल्या होत्या. पन्नासच्या दशकातला कुठलाही महिना सांगा, तेव्हाचा नंबर वन ती चहा ओतता ओतता सांगायची. "देशानं काय गुणगुणायचं ते मी ठरवायचे," असं म्हणून खिदळायची.

बाबांना वह्या आणि बेरजा म्हटल्यावर काय हवं! रोज सकाळी अकराला ती किंवा हे, कोणीतरी एक कुंपणापलीकडे. आमचं आडनाव 'गजभिये' काही तिला जमलं नाही, तेव्हा बाबा झाले 'मिस्टर जी'. ती सुटकेससारखा उघडणारा तिचा जुना रेकॉर्ड प्लेयर लावायची आणि बाबा हात मागे बांधून, वर्गात इन्स्पेक्शन आल्यासारखे ऐकायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "आवाज मस्त आहे वं. पन हे लोक नुस्तं प्रेमच करते काऊन? कामाले जात नाही का?" मी डोरीनला भाषांतर करून सांगितलं, तर ती हसून हसून खोकायला लागली.

मे महिन्यात ती आठवडाभर बहिणीकडे गेली तेव्हा घराची किल्ली आमच्याकडे देऊन गेली, झाडांना पाणी घालायला. पाणी घालायला बाबाच जायचे. ही किल्ली लक्षात ठेवा.

जूनमध्ये एका सकाळी दाढी करता करता बाबा पडले. स्ट्रोक. इन्शुरन्स होता म्हणून निभावलं. हात-पाय महिन्याभरात बऱ्यापैकी सुधारले, वाचा मात्र गेली. समजायचं सगळं. पेपर वाचायचे, चुकीचं चॅनल लावलं तर कपाळाला आठ्या घालायचे. बोलायला जावं तर नुसतं "अं... अं..." पन्नास पोरांच्या वर्गावर गरजणारा माणूस हो... पाणी मागायला ग्लासाकडे बोट दाखवायचा. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे.

स्पीच थेरपिस्ट घरी यायची, क्लेअर. ती म्हणाली, अशा पेशंटना कधी कधी बोलता येत नाही पण गाता येतं, गाण्याची जागा मेंदूत वेगळी असते. त्यांची लाडकी गाणी लावा. आणि डायरी ठेवा... तोंडातून जे निघेल ते, वेळेसकट, जसंच्या तसं लिहा. मी नागपूरहून कॅसेट मागवल्या. भीमगीतं लावली, कव्वाल्या लावल्या, आईला आवडायची ती गाणी लावली. बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आवाज नाही.

जुलैत डोरीन म्हणाली, माझ्या रेकॉर्ड लावून बघू. प्लेयर उचलून आमच्याकडे घेऊन आली. सकाळचे अकरा, लख्ख ऊन, बाबा खिडकीजवळ खुर्चीत. तिनं एक संथ, वॉल्ट्झच्या चालीची रेकॉर्ड लावली, महिनोन् महिने नंबर वन राहिलेली. ती संपली, सुई परत जागेवर गेली... आणि बाबा गायला लागले.

मी किचनमधून धावत आले. आधी नुसता आनंदच झाला, काय गातायत तिकडे लक्षच नाही! मग ऐकलं. इंग्लिश गाणं. मघाचं नव्हे, दुसरंच, उड्या मारणाऱ्या चालीचं. जवळच्या वोबर्न सँड्स गावाला जाणारी शेवटची बस, भिजलेले बूट, तिकीट न देता डोळा मारणारा कंडक्टर. बाबांचं इंग्लिश म्हणजे सरकारी सर्क्युलरचं, खणखणीत नागपुरी. हे तसं नव्हतंच. 'होम'ला 'ओम' म्हणत होते, इथल्या वीटभट्टीवरच्या म्हाताऱ्यांसारखं. दोन कडवी म्हटली आणि थांबले. स्वतःच घाबरल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

मी टाळ्या पिटल्या. वळून बघते तर डोरीन पांढरीफटक. "हे यांनी कुठे ऐकलं?" एवढंच विचारलं तिनं. मी म्हटलं, "तुमच्याकडेच ना!" ती तशीच निघून गेली. प्लेयरसुद्धा आमच्याकडेच टाकून.

त्यानंतर चार आठवडे ती फिरकली नाही. मला वाईट वाटलं, पण खरं सांगू? तिचा विचार करायला फुरसत नव्हती. बाबा रोज अकराच्या सुमारास ते गाणं म्हणायला लागले होते. आठवड्याभरात दोनाची तीन कडवी झाली. डायरीत सगळं लिहिलंय, तारखेसकट. दुसरं कडवं संपलं की दरवेळी थोडं खोकायचे आणि मग तिसरं. त्या खोकल्यासाठी मी फॅमिली डॉक्टरकडेही नेऊन आणलं, छाती साफ होती. तिसऱ्या कडव्यात केसांत पेन्सिल खोचलेली एक मुलगी होती. तिला तो म्हणतो, माझं नाव तू यादीत लिही नाहीतर नको लिहू, शनिवारी मी शेवटच्या बसच्या स्टॉपवर थांबेन, तू आलीस तर मी कुठेच जाणार नाही.

मला वाटलं, असेल डोरीनच्या कुठल्यातरी रेकॉर्डवरचं. पेन्सिलवाल्या मुली काय कमी असतील?

आणि क्लेअर तर हरखून गेली होती. म्हणाली, चाल सापडली आहे ना, आता शब्द बदला. मग त्याच चालीवर आम्ही मराठी शब्द घातले. ऑगस्ट उजाडला तेव्हा बाबा त्या बसच्या चालीवर "मने... पानी दे" म्हणायला लागले होते! "चहा", "नको", "मिलिंद कुठं". एका सकाळी चाल न धरता, साधं, "मने, बस इथं" म्हणाले. पोरं पहिल्यांदा बोलतात तेव्हा आयांना काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं. आठवड्याला तीन-चार शब्द येत होते. क्लेअर म्हणाली, ऑक्टोबरात परत जाईपर्यंत वाक्यं बोलतील.

आणि मग एका दुपारी डोरीन दारात. आत आली नाही. "मनीषा, एकच विचारते, खरं सांग. तुम्ही लोकांनी माझ्या साइडबोर्डच्या कपाटात हात घातलात का?"

ते 'तुम्ही लोक' तर असं टोचलं! मग तिनं सांगितलं. ते गाणं कुठल्याच रेकॉर्डवर नव्हतं, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या. रॉनी नावाचा वीटभट्टीवरचा एक मुलगा होता, गिटार वाजवायचा. त्यानं लंडनला जाऊन स्वतःच्या खर्चानं त्या गाण्याची एकच तबकडी बनवून आणली. डोरीनला दिली... दुकानात लाव, लोकांना ऐकव आणि जमलं तर यादीत माझं नाव टाक. ती "हो" म्हणाली. पण मॅनेजरची भीती, त्यात रॉनीशी कशावरून तरी अबोला चाललेला. तिनं ती लावलीच नाही. आठवड्यानं त्याला ठोकून दिलं, "दहा वेळा लावली, कोणाला आवडली नाही." रॉनी महिन्याभरात कॅनडाला गेला, पुन्हा पत्र नाही, काही नाही. तेव्हापासून ती तबकडी, दुकानातच पुडक्यात बंद केलेली, साइडबोर्डच्या कुलपात आणि किल्ली हिच्या गळ्यात. तिनं स्वतः कधी ऐकली नव्हती, आत्तासुद्धा कुलूप काढून बघायचा धीर झाला नव्हता. पहिली दोन कडवी ओळखली ती कशी, तर रॉनीनं एकदा बसमध्ये तिला म्हणून दाखवली होती.

"घराची किल्ली तुमच्याकडे होती. साइडबोर्डचं जुनं कुलूप पिनेनंही निघतं. मिस्टर जी एकटे यायचे," ती म्हणाली. "मी तुम्हाला घरचं समजत होते."

एक क्षण, एकच क्षण, माझ्याही मनात आलं... बाबांनी खरंच उघडलं असेल का? आणि त्या विचाराची मला इतकी लाज वाटली की डोकंच फिरलं. बाबा शाळेत असताना त्यांच्यावर मास्तरांच्या कंपासपेटीच्या चोरीचा आळ आला होता. वर्गात नेमका यांच्यावरच का, ते तुम्हाला सांगायला नको. पेटी मास्तरांच्याच पिशवीत सापडली, पण 'चुकलं' कोणी म्हटलं नाही. बाबा आम्हाला सांगायचे, आळ कधी अर्धा पुसून सोडायचा नाही. कर नाही त्याला डर कशाला? मी डोरीनला म्हटलं, "आत्ताच्या आत्ता ती तबकडी इथे घेऊन या. सगळ्यांसमोर बघू."

ती घेऊन आली. मिलिंद त्या दिवशी घरी होता, म्हणजे साक्षीदार आहे. ब्राऊन पेपरचं पुडकं, चारी बाजूंनी जुनी डिंकाची पट्टी, पिवळी पडून कडकडीत झालेली, वर दुकानाचा शिक्का. कुठे फाटलेलं नाही, उचकटलेलं नाही. डोरीननं ते उलटंपालटं केलं आणि खुर्चीत बसलीच. "कोणी हात लावलेला नाही याला," म्हणाली. "आय अॅम सो सॉरी, लव्ह. मिस्टर जी, सॉरी." रडायला लागली.

तिथे थांबायला हवं होतं मी. माफी मागितली होती तिनं! पण नाही. मी म्हटलं, "नुसतं सॉरी नको. उघडा आणि लावा. माझ्याकडे डायरी आहे, शब्द न् शब्द ताडून बघू." बाबांनी माझं मनगट धरलं. मान हलवत होते, तोंडानं "न... न..." मला वाटलं, भांडणाला घाबरलेत. म्हटलं, "बाबा, तुम्हीच शिकवलंत ना!"

पट्टी मीच ब्लेडनं कापली. डोरीननं तबकडी लावली. खरखर, गिटार, मग एक कोवळा पोरगेला आवाज. वोबर्न सँड्स. कंडक्टर. मी डायरीवर बोट ठेवून ओळी धरत होते. दुसरं कडवं संपलं... आणि तबकडीवरचा तो मुलगा खोकला.

मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. मी डायरीकडे. तिथे माझ्याच अक्षरात कंसात 'खोकला' लिहिलेलं होतं, एकवीस वेळा, एकवीस तारखांना.

मग तिसरं कडवं. पेन्सिल, यादी, शनिवार, स्टॉप. एक शब्द इकडचा तिकडे नाही. डोरीननं दोन्ही हात तोंडावर घेतले. तिला हे कडवं माहीतच नव्हतं ना... तो तिची वाट बघणार होता आणि तिनं त्याला सांगितलं होतं, लावली, कोणाला आवडली नाही. "तो थांबला असेल," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "तो तिथे थांबला असेल."

मी विजयी मुद्रेनं बाबांकडे वळले. म्हणजे, आता लिहितानाही लाज वाटते, पण हो, विजयी. आळ पूर्ण पुसला होता मी. बाबा खिडकीबाहेर बघत होते. चेहरा शांत, अगदी रिकामा. मी म्हटलं, "बाबा, ऐकलंत ना?" त्यांनी ओठ हलवले. काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला मी वाट बघितली. नाही. चाल मी गुणगुणले, "मने पानी दे" मीच म्हणून दाखवलं... माझ्याकडे असे बघत होते जणू हे कधी ऐकलंच नाही. ती चालही गेली आणि तिच्यावर बसवलेले सगळे शब्दही गेले. 'चहा' गेला, 'नको' गेला. 'मने' गेलं. मी घाबरून हॉस्पिटलला नेलं. पुन्हा स्कॅन केला. नवीन काही नाही, जूनमध्ये होता तसाच्या तसा. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं. क्लेअरनं सगळे उपाय केले, शेवटी तीच माझ्याआधी रडली.

डोरीन रोज यायची, पाव भाजून आणायची, बाबांचा हात हातात घेऊन बसायची. तिनं तीच तबकडी कितीदा लावली त्यांच्यासाठी. बाबा ऐकायचे, जसं कोणतंही गाणं ऐकावं तसं. ती मात्र बदलली होती. हलकी झाली होती, हसायला लागली होती, दर शनिवारी केस नीट करून त्या जुन्या बसस्टॉपपर्यंत चालत जाऊन यायची. पन्नास वर्षांनी तिचा निरोप तिला पोचला होता. तिचा राग येतो का मला? येतो. खोटं कशाला बोलू. तिचा काही दोष नाही हे कळतं, तरी येतो.

ऑक्टोबरात आम्ही बाबांना नागपूरला नेलं. चौदा महिन्यांनी ते गेले. त्या चौदा महिन्यांत तोंडून एक शब्द नाही.

आता तुमचे प्रश्न मीच विचारते, माझाच धंदा आहे तो. आधी कुठे ऐकलं असेल? तबकडी एकच होती आणि पुडकं सीलबंद. डोरीननं गुणगुणलं असेल? तिला तिसरं कडवं माहीत नव्हतं आणि खोकला तर नाहीच नाही. रॉनी कधी नागपूरला आला असेल? तो गेला उलट दिशेला, आणि तेव्हा आमच्या घरात साधा रेडिओही नव्हता. मी न्यूरॉलॉजिस्टना लिहिलं, डायरीच्या झेरॉक्स पाठवल्या. एकानं उत्तर दिलं, "इंटरेस्टिंग." बास. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तीन वर्षं झाली, नाही म्हणजे नाही.

पण गाणं त्यांच्या तोंडी आलं कुठून, हे विचारणं मी सोडून दिलंय. मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. त्या दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं होतं ना, ते भांडणाला घाबरून नव्हतं. सुई खाली टेकली की काय जाणार आहे, हे त्यांना ठाऊक होतं. तोंडानं सांगता येत नव्हतं म्हणून हातानं सांगत होते. स्ट्रोकनंतर इतका जोर त्या हातात मी कधी पाहिला नव्हता. आणि मी तो हात सोडवला. सहज सुटत नव्हता, म्हणून एकेक बोट उचलून सोडवला.